शेळीनं खाल्लेलं रोप

मंगळवार, सांजेला

माझ्या शेळीनं आज कंपनीचं रोप बुडापर्यंत खाल्लं. माझ्या माळावर झाडं लावायच्या कागदावर माझी सही झाल्यावर कंपनीचा साहेब म्हणाला होता, "मावशी, आमच्या कारखान्याचा धूर आता तुमच्या माळावरची झाडं पितील. वीस वर्षं तिथं शेळ्या सोडायच्या नाहीत." आधी का नाही बोलला? शेजारची कुसुम अंगठेवाली. तिनं दुसऱ्याकडून कागद वाचून घेतला आणि नको म्हणाली. मला सही येते ना! न वाचताच लई ऐटीत पूर्ण नाव लिहिलं. आज कुसुम हसली, "शिकलेलीच अडकली गं बया!"

उद्या साहेब रोपांचे फोटो काढायला येतोय. रोप दिसलं नाही तर म्हणेल, शेळ्या विका. मग खाऊ काय? रोपाच्या खड्ड्यात लिंबाची फांदी खोचून आले. लांबून हिरवी दिसते. पण ती सही... वीस वर्षं किती फांद्या खोचू?