गवताचा आठवडा

प्रिय भिंगरी,

तू रागावली आहेस, हे तुझ्या मेसेजमधल्या नुसत्या 'बरं'वरून कळतं. दर वेळी फोन बाबांनी उचलायचा आणि आई आंघोळीला गेलीये, आई झोपलीये, आईच्या तोंडात घास आहे, असं काहीतरी सांगायचं. त्यांना खोटं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. परवा तर त्यांनी मी पळायला गेल्याचं सांगितलं म्हणे. मी, आणि पळायला. एवढं पत्र पुरं वाच, मग हवं तेवढं रागाव.

आधी शाळेचं सांगते. बालवर्गात गवताचा आठवडा नुकताच झाला. आठवतो ना तो? बाकं भिंतीला सरकवायची, वर्गभर जुन्या चादरी अंथरायच्या आणि मैदानामागचं वाळलेलं गवत आणून त्यांच्या कडेने चिकटवायचं. यंदाही मुलांनी नेहमीचंच भांडण काढलं, की गवत हिरवंच असतं. मग त्यांना मैदानामागे नेलं आणि पिवळ्या गवतात पोटावर झोपवलं. उभं राहून पाहिलं तर तिथे काहीच नसतं. झोपलं की मुंग्या दिसतात, नाकतोडे दिसतात, काड्यांमध्ये ताणलेलं कोळ्याचं जाळं दिसतं. चंडोलाचं एक रिकामं घरटंही सापडलं. हा पक्षी जमिनीवर घरटं का बांधतो, असं विचारलं, तर एक मुलगा म्हणाला, "इथे झाडच नाहीये ना, बाई." मला नेमकं हेच शिकवायचं होतं. त्याने माझे श्रम वाचवले.

माझ्याकडे चित्रं कमी आणि आवाज जास्त, हे तुला माहीतच आहे. चंडोल, टिटवी, कोल्हा आणि शेवटच्या दिवशी लांडगा. तू याच वर्गात होतीस तेव्हा मी लांडगा झाले की टेबलाखाली जाऊन बसायचीस. घरी आल्यावर माझी हनुवटी धरून म्हणायचीस, "आता आईच्या आवाजात बोल." बोलले तरी तुझी खात्री पटायची नाही. अजून बोल, अजून बोल, असं झोप लागेपर्यंत चालायचं.

यंदा लांडगा जमला नाही. मान वर केली, सूर लावला, तो मध्येच फाटला आणि पुढे नुसती हवा निघाली. मुलं हसली. वर्गात एक मुलगी आहे, आम्ही शिक्षिका आपसात तिला प्रश्नपत्रिका म्हणतो. ती हसली नाही. "बाई, हा लांडगा म्हातारा झालाय का?" मी मान डोलावली. झालं, सगळा वर्ग कामाला लागला. कोणी बाटलीतून पाणी आणलं, कोणी माझ्या पाठीवर चादर घातली. म्हाताऱ्याला पळता येणार नाही म्हणून ससा झालेला एक मुलगा आपण होऊन समोर आडवा झाला आणि म्हणाला, "खा मला, पण हळू." मग प्रश्नपत्रिकेने विचारलं, याला ओरडता आलं नाही तर बाकीचे लांडगे याला कसे शोधणार? लांब गेलेले लांडगे हाकेवरून एकमेकांना शोधतात, हे आदल्या दिवशी मीच शिकवलं होतं. शेजारच्या वर्गातली नवी शिक्षिका दारात उभी होती, ती म्हणाली, वासावरून शोधतील. बरोबर आहे तिचं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले.

घसा थंडीपासूनच बसला होता. खडूची धूळ असेल, ओरडणं जास्त होत असेल, असं म्हणून गुळण्या करत राहिले. शेवटी बाबांनी जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. घशात गाठ आहे, भिंगरी, आणि ती चांगली नाही. डॉक्टर भला माणूस आहे. त्याने कागदावर चित्र काढून समजावलं, आम्ही मुलांना समजावतो अगदी तसं. स्वरयंत्र काढावं लागणार, पूर्णच. मग मी मानेला केलेल्या छिद्रातून श्वास घेईन. जेवेन, चालेन, तुझ्या बाबांवर डोळे वटारेन. पुढे यंत्र लावून बोलता येतं म्हणतात, पण तो आवाज माझा नसेल. मी मात्र जगेन, असं तो म्हणाला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचं आम्ही ठरवलंय.

बाबांची मात्र गंमत झालीये. जन्मभर मी बोलले आणि ते पेपरमागून 'हं' म्हणत राहिले. आता पेपर बाजूला ठेवून समोर बसतात. मी मीठ मागितलं तरी इतकं लक्ष देऊन ऐकतात, की मलाच अवघडल्यासारखं होतं. काल मी भाजीवाल्याला नावं ठेवत होते, तर ऐकता ऐकता उठून आत गेले आणि डोळे धुऊन आले.

ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. तुला फोनवर सांगून टाकू, असं बाबा रोज म्हणत होते. मीच अडवलं. डॉक्टरांनी मला बोलणं कमी करायला सांगितलंय. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मी तुला समजावत बसले असते आणि उरलासुरला आवाज गाठ, तपासण्या, ऑपरेशन यांतच सरला असता. म्हणून ते सगळं कागदावर उतरवलं. जे रडायचं ते आज, हे पत्र हातात असतानाच रडून घे. निघून येऊ नकोस. तुला प्रवास करायचा नाहीये, आणि या सातव्या महिन्यात तर मुळीच नाही. रविवारी संध्याकाळी फोन कर. मीच उचलेन. माझी तब्येत विचारू नकोस. तुझे पाय सुजतात का, जावईबापूंना अजून चहा जमतो का, असलं काहीतरी बोलू. आवाज मध्येच फाटेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. आणि मग थोडा वेळ फोन पोटाला लावून धर. मी काय बोलतेय ते तुला ऐकू येणार नाही. ते तुझ्यासाठी नसेलच.

तुझीच, रविवारपर्यंत गप्प बसलेली,
आई