खाटेखालची धाकटी

तीर्थरूप मारुतमामांना दौंडहून भाची हर्षदाचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? निमोण्यातले कांदे निघाले असतील. मी बरी आहे (हे शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा).

माझ्या वॉर्डातल्या भुताची बातमी तुमच्यापर्यंत पोचली म्हणे. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र. झालं असं, की रेल्वे पोलिसांनी स्टेशनवरून तापानं फणफणलेली एक बाई आणली. नाव आसमीन. म्यानमारातून जीव मुठीत धरून पळालेली. बोलणं कुणालाच कळेना. सकाळी डॉक्टर राउंडला आले तर खाट रिकामी, आणि खालून दोघींच्या कुजबुजण्याचा आवाज. वाकून पाहिलं तर ती एकटीच. शेजारच्या शेवंताबाई (कासुर्डीच्या, आठवडाभर पाऊल टेकवत नव्हत्या) तडक एसटी स्टँडपर्यंत चालत गेल्या. आमच्या वॉर्डातल्या आया सिंधूमावशींनी खाटेला लिंबू-मिरची बांधली.

ती बाहेर येईना, म्हणून मीच थर्मामीटर घेऊन खाली शिरले. तिनं हातानं खूण केली, जरा सरक. मी सरकले. (कुणासाठी, हे तेव्हा सुचलं नाही.) दंडाला काहीतरी गार टेकलं.

मग बंगालात गवंडीकाम करून आलेला इथला सैफ सापडला. त्याला तिचं थोडं उमगलं. गावात बुटांचा आवाज आला की या दोघी बहिणी खाटेखाली लपायच्या. शेवटच्या वेळी ही पळाली, धाकटी तिथंच राहिली. तेव्हापासून बूट वाजले की ही खाटेखाली शिरते, आणि तिथं तिला धाकटी भेटते. मामा, मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. मग वॉचमनचे बूट दाराबाहेर काढायला लावले, तिची गादी जमिनीवर घातली आणि तिच्याशी बोलताना सगळ्यांनी खाली बसायचं ठरवलं. (डॉक्टरही बसले, उठवायला दोघं लागले.) ती जेवू लागली. ताप उतरला.

काल निर्वासितांचं काम बघणारे लोक तिला न्यायला आले. जाताना माझा हात धरून ती बरंच काही बोलली. सैफ सांगायलाच तयार होईना.

"सिस्टर, ती म्हंती, धाकटी लई दमलीय. तिला आता पुढं न्हाई जायचं. हितंच ऱ्हायचंय, तुमच्यापाशी."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तुमची,
हर्षदा

ता. क. खरं काम राहिलंच. तुमच्या शितलचा लहानपणीचा एखादा फ्रॉक असेल तर पाठवा. सहा-सात वर्षांच्या मुलीला होईल असा.

ता. क. जरा मोठा असला तरी चालेल म्हणतेय.