खोबरेल थिजल्याच्या नोंदी

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की एव्हाना तुमच्याशी भांडणं थांबायला हवं होतं. थांबलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. जानेवारी चालू आहे आणि आज सकाळी मी गीझरचं बटण न दाबता आंघोळ केली. अंगावर काटासुद्धा आला नाही. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर मात्र पहाटेपासून ‘थंडी वाढली आहे, ज्येष्ठांनी काळजी घ्यावी’ असा निरोप फिरतोय. तो पाठवणारे गृहस्थ मला लिफ्टमध्ये भेटले ते रुमालाने मान पुसत. मी म्हटलं, “घेते आहे काळजी, पंखा दोनवर ठेवलाय.” ते हसले नाहीत. माणिकपूरच्या दुकानांबाहेर स्वेटर अजूनही टांगलेले असतात, पण ते घेणारी माणसं मनालीला निघालेली असतात. पण तक्रार करायला हे पत्र नाही. तुमच्या पेटीतली हिवाळ्याची पानं एका मुलीने मागितली आहेत, आणि ती खरी मानायची की बाजूला ठेवायची हे माझ्या एका उत्तरावर अडलं होतं. ते उत्तर मी दिलं आहे, आणि त्याबद्दल तुमच्याशी बोलून घ्यावं असं वाटलं.

आपल्या न्हाणीतला कोनाडा मला अजून हाताला आठवतो. त्यात खोबरेलाची बाटली, आपल्याच नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं तेल. दिवाळी सरली की रोज पहाटे तुम्ही पानवेलीला पाणी द्यायला जाण्याआधी ती बाटली उचलता, कंदिलासमोर धरता आणि आडवी करता. तेल सरकलं तर काही नाही. गढूळ होऊन जडपणे सरकलं तर ‘अर्धं’. हललंच नाही, बोटाने कोरावं लागलं, तर ‘थिजलं’, आणि मगच तांब्याच्या बंबात आग. जळण म्हणजे नारळाची सोडणं. तेल थिजलं नसेल तर घरातल्या कुणालाही, तान्ही पोरं आणि आजारी माणसं सोडून, गरम पाणी नाही. मग तुम्ही स्वयंपाकघरात येऊन कॅलेंडरवरच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने काहीतरी बारीक लिहिता. कॅलेंडर खतवाल्या दुकानदाराने दिलेलं, भलंमोठं, पाठीमागून कोरं. वर्ष संपलं की बाकीची पानं आई डब्यांखाली घालायला घेई. हिवाळ्याची मात्र तुम्ही सुटी करून, सपाट ठेवून, वर पाट दाबून माळ्यावर ठेवायचात.

मी सहावीत होते. कॉन्व्हेंटमध्ये माझ्या वर्गातल्या मुली सकाळी गरम पाण्याने न्हाऊन, केसांना साबणाचा वास घेऊन येत. मी यायची ती ओठ निळे करून. एका सकाळी मी न्हाणीच्या दारात तुम्हाला अडवलं. म्हटलं, “अण्णा, आज बंब पेटवा ना.”

“तेल बघ.”

“बघितलं. अर्धं आहे. पण मला पूर्ण थंडी वाजतेय.”

“विहिरीचं ताजं पाणी काढून देतो, ते ऊनच असतं.”

“ते न्हाणीत येईपर्यंत गार होतं. तेलाला काय कळतं हो? ते का शाळेत जातं?”

आई चुलीशी बसून हसली. तुम्ही हसला नाहीत. “तेल रोज सारखं वागतं,” तुम्ही म्हणालात. “तू काल कुडकुडत नव्हतीस, तेव्हा तेल आजच्याएवढंच होतं. तुझ्या थंडीवर मी काय लिहू?” आणि तुम्ही खरोखरच कॅलेंडरकडे जाऊन त्या चौकोनात ‘अ’ लिहिलात. माझ्यासमोर. मी त्या अक्षराचा जेवढा तिरस्कार केला तेवढा पुढे आयुष्यात कुठल्याही माणसाचा केला नाही, आणि मी पुष्कळांचा केला आहे.

तरीही त्याच हिवाळ्यात एकदा तुम्ही मला पहाटे विहिरीवर नेलंत. रहाटातून पडणाऱ्या पाण्यातून वाफ निघत होती, केळीच्या पानांवरून दव टपटपत होतं, आणि वारा समुद्राकडून नाही तर डोंगराकडून, जमिनीवरून येत होता. मी विचारलं, हे सगळं लिहून काय मिळतं तुम्हाला? तुम्ही रहाट थांबवलात. मग म्हणालात, “एवढ्या लांबून येते ती. कोण जाणे कुठल्या बर्फावरून. आपल्या वाडीपर्यंत पोचली, तर निदान पोच तरी द्यावी.” मला तेव्हा ते येडेपणाचं वाटलं. आता त्या वाक्यापाशी आले की मी थांबते. चौथी शिकलेला माणूस, पानवेलीत गुडघाभर चिखलात उभा, आणि थंडीला पोच देतोय.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वह्यांना कव्हरं घालायची असत. सिस्टरची शिस्त कडक होती: कव्हर साधं हवं, वर चित्र दिसता कामा नये, कोपरे काटकोनात. दुकानात खाकी कागद मिळायचा, तो सगळ्याच मुली लावत. मला सगळ्यांसारखं नको होतं. सातवीच्या जूनमध्ये मी माळ्यावर चढले, पाटाखालची पानं काढली, तीन हिवाळ्यांची, आणि कोरी बाजू वर करून कापली. आईने गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला तो कागद इतका सपाट होता की माझ्या वह्या दुकानातून आणल्यासारख्या दिसल्या. सिस्टरने त्या वर्गात फिरवून दाखवल्या आणि मला बक्षीस म्हणून सोनेरी कडेचं एक लहानसं पवित्र चित्र दिलं. ते मी घरी आणून देव्हाऱ्याच्या बाजूला लावलं. तुम्ही म्हणालात, छान आहे.

पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही माळ्यावर गेलात. जेवायला बसलो असताना विचारलंत, “माझी पानं कुणी हलवली?” आवाज चढलेला नव्हता. मी ताटातला भात गोळा करत राहिले. आई वाढत होती, ती मान वर न करता म्हणाली, “मीच चुलीला लावली असतील. रद्दी वाटली.” तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. म्हणालात, “तुला वाचता येतं. वाचता येतं, तरी जाळलीस?” एवढंच. पण त्या हिवाळ्यापासून पानं पत्र्याच्या पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली तुमच्या करगोट्याला. बायकोपासून कुलूप लावलंत तुम्ही, अण्णा, आणि ती ते शेवटपर्यंत रोज बघत राहिली.

मी पुढे विज्ञान शिकवलं. तीस वर्षं पोरांच्या प्रयोगवह्या तपासल्या, निरीक्षणाची तारीख नसली की लाल शाईने वही परत केली. तुमच्यामागे धाकटा भाऊ घरी परतला, त्याने वाडी सांभाळली आणि तुमची पेटीही. वाडीला आता चारी बाजूंनी इमारती आहेत, पण विहीर आहे, केळी आहेत. मला तो मधूनमधून चिडवतो, “ताई, माझ्याकडे तेल अजून थिजतं, तुझ्या फ्लॅटमध्ये नाही.” खरं आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटली ठेवते, दोन वर्षं झाली. रिक्षाने वीस मिनिटांचं अंतर, तोच समुद्र, तोच वारा. त्याचं तेल बोटाने कोरावं लागतं त्या सकाळी माझं नुसतं गढूळ. दिवसभर तापलेल्या भिंती पहाटेपर्यंत ऊब धरून असतात. हात लावून बघते मी. माणसाने एवढी मोठी चूल बांधली आणि तिच्यात राहायला गेला, याचं मला रोज नव्याने नवल वाटतं.

वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, मूळची साताऱ्याकडची. कॉलेजच्या प्रकल्पासाठी ती विचारत फिरते: वसईत माणसं आंघोळीला पाणी किती तापवायची, कधीपासून कमी झालं. माझ्या दारात कोळीण पाटी उतरून बसली होती, तिलाही तिने सोडलं नाही. “मावशी, तुमच्याकडे हिवाळ्यात पाणी तापवतात?” कोळीण पापलेट साफ करता करता म्हणाली, “कोन तापवतो आता? टाकीचंच पानी ऊन येतं, बाय. माझी सासू शेकोटीशिवाय दाराबाहेर पाय टाकत नव्हती.” मुलीने ते लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळली, “आजी, कुणाकडे लिहिलेलं काही असेल का? जुनं?” मी तिला आधी सांगितलं की मला आजी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. मग धाकट्याला फोन केला.

पेटी आली. माझ्या हॉलमध्ये फरशीवर तिने एका हिवाळ्याखाली दुसरा, अशी सगळी पानं मांडली. फर्निचर सरकवावं लागलं. कोचावर उभी राहून मी खाली पाहिलं. पहिल्या वर्षांत ‘थि’ सलग आठवडेच्या आठवडे, ओळी भरून. मग मध्ये ‘अ’ शिरतात. मग कोरे चौकोन. ओहोटीला ओल मागे सरकत जावी तशी तुमची अक्षरं पानापानाने सरकत गेली होती. शेवटच्या वर्षांत अक्षर कापरं आहे, तरी कोऱ्या चौकोनात एक ठिपका आहे, म्हणजे तुम्ही उठलात, बाटली उचललीत, तेल वाहिलं, आणि तरी हजेरी लावलीत.

प्रत्येक ‘थि’खाली दोन आकडे होते. वरचा मला माहीत होता, बंबात किती सोडणं लागली. ‘थि’, सात. ‘थि’, आठ. शेवटी शेवटी तीन. मी मुलीला म्हटलं, “यावरून काही ठरवू नकोस. तोपर्यंत आम्ही सगळे घर सोडून गेलो होतो. न्हाणारी माणसंच कमी, तर सोडणं कमी लागणार.” ती गुडघ्यावर बसून खालचा आकडा बघत होती. “मग हा नऊ काय आहे? इथे पाच. इथे दोन.” आम्ही दोघी एकदमच समजलो. त्या दिवशी किती माणसं न्हाली, ते होतं. ती हळूच म्हणाली, “बाई, हे पर कॅपिटा आहे, दरडोई. यांना कुणी सांगितलं हे?” कुणीही नाही. मी विज्ञानाची पदवी घेऊन कोचावर उभी होते आणि ते मला सुचलं नव्हतं. मी कोचावरून उतरले.

मग तिला तीन वर्षांची पोकळी सापडली. “ही पानं कुठे आहेत?” मी म्हटलं, “उंदरांनी खाल्ली.” इतक्या सहज आलं ते तोंडातून. ती खाली मान घालून लिहीत राहिली. दोन दिवसांनी परत आली, जरा अडखळत. तिच्या सरांनी विचारलं होतं की ती पानं लिहिलेली होती हे कशावरून? कदाचित त्या वर्षांत त्यांनी नोंद सोडली असेल, हवी ती वर्षं ठेवली असतील. मधलं काय झालं ते सांगणारं कुणी नसेल तर सगळीच पानं बाजूला ठेवावी लागतील. “तुम्ही पाहिली होती का बाई ती, उंदरांच्या आधी?”

इतक्या वर्षांत माझ्या बापाने सोयीचं तेवढंच ठेवलं असं कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी तिच्या सरांबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण ती मुलगी जागची हलली नाही. तिला उत्तर हवं होतं. तेव्हा मी कागद घेतला आणि लिहून दिलं की तीन हिवाळ्यांची पानं रोजच्या रोज भरलेली होती, ती मी पाहिली होती, आणि सातवीत असताना वह्यांच्या कव्हरांसाठी नकळत कापली. खाली सही केली, तारीख घातली. मुलीने वाचलं, म्हणाली, “एवढं पुरे बाई.” आज तिचा निरोप आला आहे की सरांना पटलं, पानं वापरणार.

संध्याकाळी धाकट्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे आईने जाळली नव्हती?” नाही. आणि एवढं बोलल्यावर मला दिसलं की आईला ते माहीत होतं. खळ तिने शिजवली होती, पानं तिच्या पुढ्यात उपडी पडली होती. तुमच्या ताटात वाढता वाढता ती माझ्या बाजूने खोटं बोलली, आणि मी इतकी वर्षं समजत होते की तिचा गैरसमज झाला असावा. तुम्ही जे लावलंत ते कुलूप खरं तर माझ्या वाट्याचं होतं. ती दोन्हीकडचं सोसून गप्प राहिली. बाटलीतली थंडी तुम्ही पाहिलीत. तिचं हे तुमच्या नोंदीत कुठल्या चौकोनात बसलं असतं, कोण जाणे.

हे पत्र मी घडी घालून पेटीत ठेवणार नाही, तिथे तुमचीच पानं असावीत. टेबलाच्या खणात राहील. त्या मुलीला दिलेल्या कागदावर एक शब्द खोटा आहे, आणि तो बदलायला मी तिला बोलावणार नाही, तुम्हाला सांगते. नकळत नव्हतं. खाली आईच्या डब्यांजवळ झेंड्याच्या चित्राची, देवांच्या चित्राची, मळकी, भरपूर पानं होती. मी तुमची ‘अ’ आणि ‘थि’ वाचली, कुठल्या सकाळी मी कुडकुडले होते ते शोधलं, आणि त्या चौकोनावरूनच पहिली कात्री चालवली.