पांढरं ठेवा, काळं फेका

बोरी, ता. ८ सप्टेंबर १९८७

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल, असं लिहायची रीत हाय, पण खुशाल कुणीच न्हाई. तुमच्या सोन्याच्या खाणीवर दगड निवडायला नेलेल्या माझ्या चाळीस बाया परत आल्यात अन् माझ्याच दारात बसून मला शिव्या घालायल्यात. दाजींनी रिपोर्ट दिला अन् निवडायचं काम बंद! मुकादम म्हणून गावात तोंड माझं काळं झालं.

तीन वर्षांमागं दाजींनीच दगडाच्या फिरत्या पट्ट्याजवळ उभं राहून शिकवलं होतं, पांढरी गारगोटी ठेवा, काळा दगड फेका. आता म्हणं काळ्यातच सोनं! भूगर्भाचे साहेब हायत का हवामानखातं? त्यांना म्हणावं, रिपोर्ट मागं घ्या. न्हाईतर दिवाळी झाली की ह्या बाया ऊसतोडीला जातील अन् ते पाप तुमच्या घरावर.

लोभ बराच आटलाय, उरला तेवढा असावा.

तुझा भाऊ, वैजीनाथ

खाण वसाहत, ता. २० सप्टेंबर १९८७

चि. वैजीनाथ यास अनेक आशीर्वाद.

माझ्या नवऱ्याला हवामानखातं म्हणतोस? लय शहाणा झालास.

आता नीट वाच. खडकाच्या जुन्या शिरेत सोनं पांढऱ्या गारेत होतं, बाजूचा काळा दगड कोरा. गाडीभर दगडात हरभऱ्याएवढं बी सोनं नसतं, म्हणून दळायच्या आधीच काळा फेकायचा, की गिरणीत कोरा दगड जात न्हाई. त्या निवडण्यावरच खाण चालली. ती शीर संपली. नव्या शिरेत गार थोडीच, ती बी कोरी निघाली अन् सोनं काळ्या दगडात पसरलंय, पिठाहून बारीक, म्हणून आता सगळाच दगड दळायचा. गव्हातले खडे निवडता येतात रे, मळलेल्या कणकेतलं मीठ निवडून दाखव! दगड बदलला, तुझे दाजी न्हाई. बायांना कुणीच बोल लावलेला न्हाई.

त्यांचं मला बी वाईट वाटतं. त्यांच्यातल्या तानुबाईनं तर माझं बाळंतपण केलंय. त्यांच्यासाठी दुसरं काम बघा म्हणून मी रोज ह्यांच्या मागं लागलेय. तू भाऊबीजेला ये, पुरणाचं करते. फक्त ते तोंड तेवढं बोरीला ठेवून ये.

माया हाय, म्हणून रागावते.

तुझी अक्का, दैवशाला

बोरी, ता. २ ऑक्टोबर १९८७

सौ. अक्कास,
नमस्कार.

कणकेतलं मीठ मला शिकवू नको. गावानं माझा रामराम घेणं सोडलंय, ते तुझ्या शिरेला कळतं का? रिपोर्ट मागं घेतला तरच मी येईन. न्हाईतर माहेर संपलं समज. आई गेली तवाच संपलं होतं, मीच आपला ओढीत होतो. पाटावर दाजीसाहेबांनाच बसव.

लोभाचं काय ते भाऊबीजेला कळंल.

वैजीनाथ

खाण वसाहत, ता. २५ ऑक्टोबर १९८७

रा. रा. वैजीनाथराव यांस,
स. न. वि. वि.

नवी शीर लागल्यापासून निवडणाऱ्यांनी जो काळा दगड फेकला, त्याचा डोंगर झालाय गिरणीमागं. ह्यांनी तो तपासला. सोनं त्यातच हाय. आता तो सगळा ढीग उचलून गिरणीत घालायचाय, दोन वर्षांचं काम हाय. बोरीच्याच बाया पाहिजेत असं ह्यांनी वर भांडून मंजूर करून घेतलं. ज्यांना तुम्ही शिव्या घालता त्यांनी.

तानुबाईला मी वेगळं पत्र टाकलंय, की सगळ्याजणींना घेऊन तूच ये. मुकादम नको, हे मीच सांगितलं, ह्यांच्यावर राग धरू नका.

काल पाट मांडला. रांगोळी काढली, ताट केलं. रिपोर्ट मागं घेतलेला न्हाई हे ठाऊक असून दिवसभर फाटकाकडं बघत बसले, मूर्खासारखी. दिवस मावळल्यावर पोरगी विचारायला लागली, मामा कधी येणार म्हणून. तिला घेऊन अंगणात गेले अन् चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ न्हाई, त्या बायका तसंच करतात. आईनं शिकवलं होतं, पण मला कधी लागंल असं वाटलं नव्हतं.

लोभ असावा असं आता लिहीत न्हाई.

सौ. दैवशाला बन्सीधर