फेल गेलेला बोअर

खालची वस्ती, ता. दौंड
दि. १२ जून २००५

चि. सौ. स्वप्नालीस,
बिरदेवदादाचे अ. उ. आ.

पत्र पुढे वाचायच्या आधी एक पेढा खा. तुझा हट्ट पुरा झाला, संडास बांधून झाला. दिवस गेल्याचं कळल्यापासून तू एकच पालुपद लावलं होतंस, की पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर घरात संडास पाहिजे, पोट घेऊन मी ओढ्याला जाणार नाही. घे, आता माहेरी येऊन राणीसारखी राहा. आईने दारावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. मी म्हटलं, अगं हे देऊळ नाही. तर म्हणाली, लेकीसाठी बांधलंय, मला देवळासारखंच.

सगळं रीतसर केलंय. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घेतला, नकाशा जोडला. नकाशात सेप्टिक टाकी आणि तिच्याशेजारी शोषखड्डा, म्हणजे टाकीतलं वरचं पाणी मुरायला दगडगोट्यांचा खड्डा. टाकी झाली, पण खड्डा खणायला गेलो तर हातभर मातीखाली कातळ. शंकरराव गवंड्याने पहार टाकून दिली. मग तुझ्या भावाने डोकं चालवलं. दुष्काळात बांधावर घेतलेला बोअर आठवतोय ना? फेल गेलेला, नुसता धुरळा उडालेला? टाकीचा पाइप त्यातच सोडला आणि वरून फरशी बसवली. पाणी कुठे जातं कळतसुद्धा नाही.

तपासणीला ग्रामसेवक भाऊसाहेब आणि पंचायत समितीचे साहेब आले होते. बादल्यांनी पाणी ओतून दाखवलं, गडप झालं. भाऊसाहेब खूश. म्हणाले, टाकी जन्मात तुंबायची नाही, पाणी अडवा पाणी जिरवा ते हेच. तिथल्या तिथे पास केलं. दसऱ्यानंतर तुला न्यायला येतो. जावईबापूंना नमस्कार. माया आहेच, ती वाढवायची असेल तर उलट टपाली कौतुकाच्या दोन ओळी लिही.

तुझा,
बिरदेवदादा

---

शिरूर
दि. २१ जून २००५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेढा खाल्ला नाही. फोनवर बोलायला गेले की मला रडू येतं आणि भांडण अर्धंच राहतं, म्हणून लिहिते. पूर्ण वाच.

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, बोअर म्हणजे शोषखड्डा आहे का? खड्ड्यातलं पाणी मातीतून, मुरमातून झिरपत जातं, घाण वरच अडते. बोअर सरळ खाली जातो, आपण पितो त्या पाण्याच्या घरात. त्या वर्षी तिथे पाणी नव्हतं म्हणून तो फेल गेला. पाणी कायमचं मेलं असं तुला कुणी सांगितलं? यंदा पाऊस बरा झाला आणि खालचं पाणी वर आलं तर ते कशातून वर येईल, याचा विचार केलास? तुझ्या बांधाच्या उताराला हरिबाकाकांची विहीर आहे. साऱ्या वस्तीचे हंडे तिथे भरतात, आपल्या आईचासुद्धा.

आणि ते तपासायला आलेले दोघे! नकाशात शोषखड्डा, जागेवर शोषखड्डा नाही, आणि पास? मग तपासलं काय, चहात साखर किती होती ते? पाणी गडप झालं म्हणून खूश होणाऱ्याने ते गेलं कुठे हेही विचारायचं असतं. मी हे यांना वाचून दाखवलं. एरवी माहेरच्या कशावरही हसणारा हा माणूस हसला नाही.

दादा, संडास मीच मागितला, म्हणून हक्काने सांगते. पाइप आजच्या आज काढ. कातळ लागला तर खड्डा लांब, खालच्या अंगाला घे, पण विहिरीपासून दूर. आईला नमस्कार. लोभ आहे म्हणून एवढी चिडले, नाहीतर पोस्टाचं पाकीट वाया घालवलं नसतं.

तुझी,
स्वप्नाली

---

खालची वस्ती
दि. ३ जुलै २००५

चि. सौ. स्वप्नालीस, आ.

दोन वर्षं शिरूरला राहिलीस तर इंजिनियर झालीस की काय? ज्यांचं ते काम आहे त्या माणसांनी पास केलं आणि तू घरबसल्या नापास करतेस. तुझी हौस म्हणून उन्हातान्हात मी विटा वाहिल्या आणि वर तूच नावं ठेवतेस. तुझ्या पत्राने डोक्यात तिडीक गेली, म्हणून इतके दिवस उत्तर दिलं नाही.

ऐकून ठेव, वस्तीवर आणखी चार घरांनी माझं बघून फेल बोअरमध्येच पाइप सोडलेत. भाऊसाहेब स्वतः लोकांना आणून आपला संडास दाखवतात. स्वच्छ गावाच्या बक्षिसाला आपलं गाव उभं आहे. अशा वेळी पाइप काढून मी गावात हसं करून घेऊ?

आणि हरिबाकाकांचा तुला फार पुळका. वाटणीत विहीर त्यांच्याकडे गेली, पण पाण्याची पाळी आपली होती. दुष्काळात त्यांनी आपली पाळी तोडली तेव्हा तू सासरी नळाचं पाणी पीत होतीस. पाळी तुटली म्हणून तर मी तो बोअर मारला. तेव्हा काकांना लिहिलं होतंस का असं पत्र?

दसऱ्यानंतर मी येणार म्हणजे येणार. पहिल्या बाळंतपणाला लेक आली नाही तर आई वस्तीवर कुणाला तोंड दाखवील? हट्ट पुरे. रागातही आशीर्वाद देतो, ते तेवढे घे.

बिरदेवदादा

---

खालची वस्ती
दि. ४ सप्टेंबर २००५

चि. सौ. स्वप्नालीस रंगुकाकूचा आशीर्वाद. काकू सांगत्यात तसं मी, त्यांची सून, तुझी वहिनी प्रतिभा, लिहिती हाय.

पोरी, तुला ह्यातलं काय ठावं हाय का न्हाई म्हाईत न्हाई. तुझा दादा काय कळवायचा न्हाई, म्हून मी कळवती. औंदा पाऊस लई झाला. हिरीला पाणी पार वर आलं, आमी नारळ फोडला. आन् आठ दिसांत पाण्याला वास मारायला लागला. आदी वाटलं काय मेलंबिलं आसंल. तुझ्या काकानी गाळ काढाय मानसं उतरवली, तर ती नाकाला फडकं लावून वर आली. बांधाच्या अंगानं काळं पाणी पाझरतंय म्हनाली.

माझा ज्ञानदेव काविळीनं पडलाय. डोळं हळदीवानी झाल्यात, अन्न समोर आनलं की तोंड फिरवतोय. पाटसला औषीद चालू केलंय. वरल्या आळीलाबी दोघं आडवी हायती. भाऊसायब आलं, हिरीत टीसीएल पावडर टाकली आन् म्हनलं पानी आता एकदम शुद्ध हाय, बिनघोर प्या. तुझ्या काकानी त्या बोअराचा इषय काडला, तर म्हनलं त्यो पास झालेला हाय, त्याच्याबद्दल बोलायचं न्हाई.

तुझ्या काकाचं आन् बिरदेवचं बोलनं दुस्काळापासनंच बंद हाय, तुला ठावंच हाय. म्हून तुला सांगती. तू त्याची भन हायेस, तुझं ऐकंल. माझ्या लेकावर आलंय ते तुझ्यावर यायला नगं. जपून ऱ्हा, आन् काकूला इसरू नगंस.

रंगुबाई

---

शिरूर
दि. १० सप्टेंबर २००५

दादा,

मायन्याखालचा नमस्कार राहू दे, आज हात जोडवत नाहीत. काकूंचं पत्र आलं. ज्ञानदेवभाऊ अंथरुणावर आणि तू मला एका शब्दाने कळवलं नाहीस! मी फोन केला तर आई म्हणते सगळं ठीक आहे. कसलं ठीक?

काल डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाण्यातून होणारी ही कावीळ एरवी माणसाला आडवं करते, पण दिवस भरत आलेल्या बाईला झाली तर आई आणि मूल दोघांवर बेततं. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. मी स्वतः घाबरले आहे म्हणून लिहिते. रात्रंदिवस पोटावर हात ठेवून असते. माहेरची वाट बघायच्या दिवसांत मला माहेरच्या हंड्याची भीती वाटते.

आता मनातलं विचारते. तू लिहिलंस की आपली पाळी तोडली. काकांनी पाळी तोडली हे चुकलंच. पण बांध उताराला कुठे जातो हे लहानपणापासून तुला माहीत होतं. मग खरं सांग, तू पाणी जिरवलंस की काकांची जिरवलीस?

जोवर तो बोअर बंद होत नाही तोवर मी वस्तीवर पाऊल ठेवणार नाही. लोभ असू दे वाटतं, पण आज मागायला जीभ रेटत नाही.

स्वप्नाली

---

खालची वस्ती
दि. १ ऑक्टोबर २००५

चि. सौ. स्वप्नालीस,
अ. उ. आ., आणि ते मनापासून.

तुझं पत्र वाचून मी ताटावरून उठलो. शेवटचा तो प्रश्न मागे घे, असं लिहिणार होतो. दोनदा लिहायला बसलो आणि नाही लिहिता आलं. काकांना त्रास व्हावा असं मी ठरवलं नव्हतं, आईच्या गळ्याशपथ. पण पाइप सोडताना शंकररावाने उताराकडे बोट दाखवलं होतं आणि मी म्हणालो होतो, बघू नंतर. एवढंच तुला सांगू शकतो.

दुसऱ्याच दिवशी पाइप कापला, बोअरच्या तोंडात काँक्रीट ओतलं. मग भाऊसाहेबांकडे गेलो. म्हटलं, माझा दाखला रद्द करा आणि बाकीच्या चौघांनाही बंद करायला लावा. तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, बक्षिसाची समिती यायची आहे, एक जरी संडास बंद दिसला तरी गावाचं बक्षीस जाईल, आणि विहिरीचं पाणी आता शुद्ध आहे. वर मलाच नोटीस, चालू संडास विनापरवाना बंद केल्याबद्दल! सहा महिन्यांपूर्वी बांधायला परवानगी, आता घाण थांबवायलाही परवानगी. माझं रक्त असं उसळलं की काय सांगू.

परवा समिती आली. शाळेपुढे मांडव, सत्कार, नारळ. मी काकांच्या दारात गेलो. दुष्काळानंतर पहिल्यांदा. म्हटलं, विहिरीचं कळशीभर पाणी हवंय. काकूंनी रहाट दाखवला. एक कळशी शेंदली, प्रतिभावहिनीने पेले घासून दिले. मांडवात जाऊन मी पहिला पेला मोठ्या साहेबांपुढे धरला. म्हटलं, उन्हातून आलात, आमच्या वस्तीचं पाणी घ्या. साहेबांनी हात पुढे केला आणि भाऊसाहेबांनी झटकन पेल्यावर पंजा ठेवला. म्हणाले, साहेब, हे नको, तुमच्यासाठी बाटल्या आणल्यात.

मी ओरडून विचारलं, की आम्हाला बिनघोर प्या म्हणता आणि साहेबांना नको का? माझ्या मागोमाग आलेल्या काकूही ओरडल्या. ज्ञानदेवचं नाव घेऊन त्या काय काय बोलल्या ते लिहीत नाही, पण साहेब खुर्चीवरून उठून सरळ विहिरीवर गेले आणि नाकाला रुमाल लावून परत आले. त्या संध्याकाळी चारही बोअर बुजले. बक्षीस गेलं. अर्धी वस्ती माझ्याशी बोलत नाही, आणि काका बोलायला लागलेत.

ज्ञानदेव आता भाताची पेज घेतो. विहिरीवर फळी मारली आहे, टँकर येतो. पण साहेबांनी स्पष्ट सांगितलं की खालचं पाणी इतक्यात निवळणार नाही, यंदा तर नाहीच. आमची भांडी, आमचे हात, आमचा उंबरा, सगळं त्याच पाण्याने धुतलंय.

म्हणून, बाय, तू येऊ नकोस. आईची पिशवी भरून ठेवली आहे, ती शिरूरला येईल आणि तिथेच तुझं बाळंतपण करील. बहिणीला पहिल्या बाळंतपणाला घरी येऊ नको म्हणून सांगणारा भाऊ आपल्या भावकीत झाला नसेल. तो मी झालो. तुला राग येईल तेवढा येऊ दे, मी तो कमी करायला सांगत नाही. फक्त भाऊ म्हणून नाव टाकू नकोस.

तुझा,
बिरदेव