दुसरा प्याला

मी काळुराम भिवाजी तांबट, वय वर्षे चौसष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा तांब्याची भांडी घडविणे, राहणार कल्याण, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र तोंडाने सांगतो आणि वकिलांचे कारकून त्र्यंबकराव ते लिहून घेतात. माझे डोके ठिकाणावर आहे. कानांनी कमी ऐकू येते, पण जन्मभर तांब्यावर हातोडा मारणाऱ्याचे कान असेच होतात, त्याचा अकलेशी संबंध नाही. कोणी मला भरीस घातलेले नाही. भरीस घातल्यावर मी काय करून बसतो ते पुढे पाचव्या कलमात येईल, म्हणून या खेपेस कोणाला जवळच येऊ दिले नाही.

त्र्यंबकराव ब्राह्मण आहेत. बसायची चटई ते घरून आणतात आणि माझ्या घरचे पाणी घेत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितले. मला ते बरे वाटले. हेही लिहा म्हटले, त्यांनी लिहिले.

कलम १. खाडीच्या वाटेवरचे माझे राहते घर, दोन खोल्या व पुढची पडवी, तिच्यातल्या भट्टीसह, मी माझा पुतण्या बाळ मारुती तांबट यास देतो. मला मूल नाही. बाळ हिंदू आहे आणि हिंदूच राहील असे दिसते. तो बापाच्या चोरून माझ्याकडे काम शिकायला येत असे आणि घरी जाताना खाडीवर अंघोळ करून जाई. अंघोळ करी, पण येत असे.

कलम २. दोन ऐरणी, सर्व हातोडे, सांडश्या, भाता व मुशी याही बाळालाच. भांडे बारीक घावांनी ठोकून सफाईदार करायचा, म्हणजे मठारायचा, बारीक तोंडाचा हातोडा माझ्या आज्याचा आहे. तो कोणाला उसना देऊ नये. या हत्यारांबरोबर एक काम लागू आहे, ते कलम सहात आहे. ते काम केले तरच घर आणि हत्यारे बाळाची.

कलम ३. माझा वडील भाऊ मारुती यास मी काही देत नाही. मी ख्रिस्ती झालो त्या साली आई गेली. तिच्या दिवसांना मी तांबट आळीत गेलो, तर भावाने मला ओटीवर बसवले आणि पाणी दिले ते वेगळ्या लोट्यात. लोटा माझ्याच हातचा होता, आईसाठी घडवलेला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने तो बाहेरच्या कोनाड्यात ठेवला, पुन्हा कधी आलो तर असावा म्हणून. मी तिथून उठून घरी आलो आणि बायकोसमोर रडलो. तो लोटा मारुतीकडेच राहू द्यावा. आमच्या दोघांचाही पीळ सुंभाबरोबर जळणारा नाही.

कलम ४. धर्मपुस्तके. ती फाटली आहेत. ज्याला वाचायची असतील त्याने न्यावीत. ही घेऊन मी अठरा वर्षे कल्याणच्या बाजारात उभा राहिलो आणि लोकांना सांगितले की नेहमी आनंदात असा, प्रभू जवळ आहे. लोकांनी शेण मारले, खडे मारले, एकदा कुजका फणस मारला. ठाण्याहून पाद्रीसाहेब दर सहा महिन्यांनी विचारत, किती झाले, काळुराम? अठरा वर्षांत माझ्या हातून एक माणूस ख्रिस्ताकडे आला. एक. नवीन उपदेशक पोरे मला विचारतात की यश कशाने येते. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो की तो एक माणूसही माझ्या उपदेशाने आला नाही.

तो धाकू, मलंगगडाच्या पायथ्याचा कातकरी. रानात कोळसा पाडून माझ्या भट्टीला आणून घालतो. पूर्वी तो उंबऱ्याबाहेर पाटी ओती आणि मला शेट म्हणे. माझ्या स्वतःच्या बाप्तिस्म्यानंतर मी त्याला आत ये म्हणू लागलो, पण आत यायला त्याने दोन वर्षे घेतली. एकदा उन्हाचा आला, तेव्हा माझी बायको रंगूबाई हिने मी पीत होतो तोच लोटा माझ्या हातातून घेतला आणि तसाच त्याच्या हातात दिला. त्याने लोट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "तुमचा द्येव याला काय म्हणत नाय?" रंगूबाई म्हणाली, "उलट न दिला तर म्हणतो." धाकू पाणी प्याला आणि बसला. "मंग त्याचं मला सांगा." वर्षभराने त्याने बाप्तिस्मा घेतला, मग त्याच्या बायकोने, जनीने, मग तिच्या माहेरच्या चौघांनी. तेव्हापासून तो मला दादा म्हणू लागला. तो भाता ओढी, मी ठोकी, आणि आम्ही तिघे दिवसभर काहीबाही बोलून हसत असू. बाजारात मी ज्या आनंदाबद्दल ओरडत होतो तो हा, आणि तो माझ्या पडवीत होता.

कलम ५. आता प्याले. आमच्या ठाण्याच्या मंडळीत प्रभुभोजनाला सर्वांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायचा असतो. तो प्याला मी सन १८६९ साली घडवला, तांब्याचा, आतून कल्हई. काठ मठारताना रंगूबाई कशाला तरी हसली, मी मान वळवली आणि हातोडा चुकला. काठाखाली अंगठ्याएवढा पोचा पडला. मी तो काढायला निघालो तर ती म्हणाली, राहू द्या, आपली खूण. मी प्याल्याचे दाम घेतले नाही. मंडळीचे मुख्य कारभारी श्रीपादराव मास्तर यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागते. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले की प्याला वापरण्यास घेतला, मालकी काळुरामाची. तो कागद माझ्यापाशी आहे आणि या मृत्युपत्राला जोडला आहे. देव श्रीपादरावांच्या टापटिपीचे भले करो.

धाकू प्याला घेई तेव्हा त्याचा अंगठा बरोबर त्या पोच्यात बसे. ती गोष्ट मी त्याला सांगितली होती. तो तिथे अंगठा ठेवून डोळे मिटी आणि मग पिई.

सन १८८० साली श्रीपादराव आगगाडीने कल्याणास माझ्या घरी आले. असे ते कधी येत नसत. म्हणाले, "काळुराम, जुन्या कुटुंबांतल्या बायका कुरकुरतात. कातकऱ्यांच्या मागून ओठ लावायचे म्हणजे त्यांना शिसारी येते. मंडळी फुटेल. तू अगदी तसाच दुसरा प्याला करून दे. एक पुढच्या बाकांना, एक मागच्या. साहेबाला कळायचे नाही आणि कोणाचे मन दुखायचे नाही. प्रेमासाठीच करायचे आहे हे." मग ते म्हणाले की मंडळीला आणखी एक कारभारी नेमायचा आहे आणि पुढे एक खुर्ची रिकामी आहे. पंधरा वर्षे मी बाजारात शेण खात होतो. मी हो म्हटले. हे कोणी माझ्याकडून वदवून घेत नाही, मीच लिहायला सांगतो.

रंगूबाईने आतून ऐकले होते. ते गेल्यावर ती बाहेर आली. "भावाने वेगळा लोटा दिला तेव्हा लहान पोरासारखे रडलात. आता दुसऱ्याला रडवायला निघालात का?" मी म्हटले, मंडळी फुटेल. ती म्हणाली, "फुटू दे. तुम्ही काय भांड्यासारखा डाख लावून सांधणार आहात तिला?" त्या दिवशी तिने मला जेवायला वाढले नाही. मी हाताने घेतले.

दुसरा प्याला घडवताना भाता धाकूनेच ओढला. त्याने विचारले, "दादा, आनखी एक कशाला?" मी म्हटले, मंडळी वाढली, एक पुरत नाही. तो खूश झाला. "आमच्या मान्सांनी वाढली?" मी होय म्हटले. मग त्याने असा भाता ओढला की मला त्याला सावकाश म्हणावे लागले. त्या प्याल्यात एकही चूक नाही. कुठे पोचा नाही, वाकडा घाव नाही. माझ्या उभ्या आयुष्यातले ते सर्वांत सफाईचे काम आहे.

पुढच्या रविवारी मी नव्या खुर्चीवर बसलो होतो. श्रीपादरावांनी आनंदावर उपदेश केला. मागच्या बाकांवर दुसरा प्याला गेला. धाकूने तो घेतला, अंगठा काठाखाली नेला आणि डोळे मिटले. मग डोळे उघडले. प्याला सगळीकडून फिरवून चाचपला. पुढच्या बाकांवर चाललेल्या प्याल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. न पिता त्याने तो जनीकडे दिला, तिनेही न पिता पुढे दिला. मी खुर्चीवरून उठलो नाही. उठायला दहा पावले होती.

बाहेर तो माझ्यासाठी थांबला होता. रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, "ह्यो तुमचाच हात हाय." ती सगळी कातकरी माणसे पायी शीळफाट्याच्या वाटेने निघून गेली आणि मंडळीत परत आली नाहीत. साहेबांनी विलायतेला कळवले की देवाच्या कृपेने मंडळी एवढी वाढली की एका प्याल्यावर भागेना.

मला वाटले कोळसाही बंद होईल. आठवड्याने धाकू पाटी घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. मी म्हटले, आत ये रे. म्हणाला, "हितंच बरा हाय, शेट." नऊ वर्षे झाली. दर आठवड्याला येतो, कोळसा कधी ओला दिला नाही, मापात कधी कमी केले नाही, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले नाही. मी माफी मागितली नाही असे कोणी समजू नये. पुष्कळदा मागितली. तो दर वेळी म्हणतो, "माफ हाय की," आणि बाहेरच उभा राहतो. रंगूबाईने त्यानंतर कोणत्याच प्याल्याला ओठ लावला नाही. मी तहानलेली बरी, म्हणाली, आणि चार वर्षांनी तशीच गेली. लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारा कोरडा पाषाण ते मी, आणि माझ्या पाषाणाला वर खुर्चीही होती.

कलम ६. वरील दोन्ही प्याले माझ्या मालकीचे आहेत. पहिल्याचा कागद आहे. दुसऱ्याचा नाही, कारण त्याबद्दल लिहायला श्रीपादरावांची लेखणी धजली नाही. माझ्या पश्चात बाळाने ठाण्यास जाऊन दोन्ही ताब्यात घ्यावेत, मोडीत काढावेत, एकाच मुशीत वितळवावेत आणि त्या तांब्याचा एकच प्याला घडवावा. पहिल्यालाही मूस दाखवायची का, असे बाळाने मागे विचारले होते. होय. तोही पुढच्या बाकांचा झाला. नव्यात पोचा मुद्दाम पाडू नकोस. तुझा हात जिथे चुकेल तिथे चुकू दे.

हा प्याला मंडळीला एका अटीवर मिळेल. दुसरा कोणताही प्याला ठेवू नये, आणि हा मागच्या बाकांपासून फिरावा. बाके रिकामी असली तरी तिथूनच. मान्य नसेल तर बाळाने तो शीळफाट्यावर पाणपोईत साखळीने बांधावा. वाटसरू कोण कुठला ते न पाहता पितील आणि प्याल्याचा काही उपयोग होईल.

कलम ७. माझी कारभाऱ्याची खुर्ची श्रीपादरावांना द्यावी. तिचा एक पाय आखूड आहे. मला रंगूबाईशेजारी पुरावे. माझ्या खड्ड्यापाशी आनंदावर उपदेश करू नये. ज्याला आनंदाबद्दल काही सांगायचे असेल त्याने घरी जाऊन आपला लोटा कोणाच्या तरी हातात द्यावा आणि तोंड बंद ठेवावे.

कलम ८. धाकू कातकरी यास मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. पैसा नाही, भांडे नाही, कोळशाची पाटीही नाही. त्र्यंबकरावांनी इथे लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले, म्हणून कारण सांगतो. त्यांनीच मला समजावले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्ष घालू नये, घातली तर दिलेले बुडते. मला धाकूची साक्ष हवी आहे. हे सगळे खरे आहे हे सांगेल असा दुसरा कोणी उरला नाही, श्रीपादराव सांगायचे नाहीत. आणि कायद्याचे दुसरे म्हणणे असे की साक्षीदाराने मला सही करताना डोळ्यांनी पाहिले पाहिजे. मी अंथरुणाला खिळलो आहे आणि अंथरूण आतल्या खोलीत आहे. नऊ वर्षे मी बोलावून जे झाले नाही ते सरकारच्या कायद्याने तरी होईल. उद्या त्याचा कोळशाचा दिवस आहे, सही उद्या करू.

वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले. मी मोठ्याने वाचायला लावले. एक शब्दही कमी करू नये.

मुक्काम कल्याण, तारीख १९ फेब्रुवारी सन १८८९.

सही: काळुराम भिवाजी तांबट

साक्ष १. धाकू कातकरी, निशाणी कोयत्याची
साक्ष २. त्र्यंबक, वकिलांचे कारकून, स्वहस्ते

लिहिणाराची नोंद: कलम आठपर्यंतचा मजकूर काल तारीख १८ रोजी लिहिला, सह्या आज झाल्या. साक्षीदार क्रमांक एक सकाळी पाटी घेऊन आला. मी त्याला सर्व मजकूर दारातून वाचून दाखवला. मृत्युपत्र करणाराने त्याला आत येण्यास तीन वेळा सांगितले. तो म्हणाला, "हितनं दिसतंय, शेट." तेथून दिसत नव्हते. कायद्याप्रमाणे दिसणे जरूर असल्याचे मी दोघांनाही सांगितले. तेव्हा मृत्युपत्र करणाराच्या सांगण्यावरून त्याचा पुतण्या बाळ याने एक बाजू व मी दुसरी बाजू धरून त्याचे अंथरूण बाहेर आणले आणि उंबऱ्याला लागून ठेवले. सही तेथे झाली. साक्षीदार खाली बसला, कागदाकडे व सही करणाराच्या हाताकडे पाहून म्हणाला, "आता दिसलं," आणि मग त्याने निशाणी केली.