तलावाला मागितलेली भांडी

बाबा, आपला तलाव वाचला. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटापर्यंत ऐकायचा धीर तुम्हाला कधीच नव्हता. आई बाजाराचं काही सांगायला लागली की तुम्ही मध्येच म्हणायचात, "पहिले सांग, आनलं का नाई आनलं." तर पाणी आहे. होळी होऊन गेली तरी मधल्या डोहात बांबू बुडतो आणि काठच्या कमळांमधून पाणकोंबड्या पिल्लं घेऊन हिंडतात. शेजारच्या गावाचा तलाव मात्र गेला. तिथे मशीन लावून गाळाखालची चिकणमातीसुद्धा खरवडून काढली, मुरूम उघडा पडला, आणि आता पावसाळ्यात भरलेलं पाणी दिवाळीपर्यंत झिरपून जातं. तिथले आपले मासेमारी करणारे ढिवर लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात. आपल्यावरही तीच पाळी आली होती.

सगळं तुमच्या त्या हंड्यावरून सुरू झालं. मी तेव्हा शाळेत होते. उन्हाळ्याचे दिवस, तलाव आटत आलेला, मी भाकर घेऊन पाळीवर, तलावाच्या बांधावर आलेली. तुम्ही डोहात जाळं ओढता आहात आणि ते येत नाही. शेवटी तुम्ही बुडी मारता आणि छातीशी धरून वर आणता तांब्याचा एक मोठा हंडा, काठ चेपलेला, आत चिखल आणि चिखलात वळवळणारी एक मरळ. तुम्ही मरळ काढून माझ्या हाती दिलीत आणि म्हणालात, "मासोळी आपली. हंडा नाई."

गावाला मात्र वेड लागायची वेळ आली. पूर्वी ज्याच्या घरी लग्न असेल त्याने आदल्या दिवशी पाळीवर अक्षत-सुपारी ठेवून तलावाला भांडी मागायची, सकाळी ती काठाला लागलेली असायची, आणि पंगती उठल्या की घासूनपुसून परत करायची, ही गोष्ट आपल्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. मग कोणीतरी एक हंडा दाबला आणि तलावाने देणं बंद केलं. आता हंडा निघाला म्हणजे खाली भांड्यांची रास असणार, असं जो तो बोलू लागला. तुम्ही कोणाला काही न बोलता तो हंडा दुपट्ट्यात बांधलात आणि एसटीने नागभीडला तहसिलीत नेऊन दिलात. जुनं काही सापडलं तर सरकारला कळवावं लागतं, हे तुम्ही कुठेतरी ऐकलं होतं. कंडक्टरने विचारलं म्हणे, "कोनाच्या लग्नाचा आहेर हाये, भाऊ?" आणि तुम्ही म्हणालात, "सरकारच्या." परत येताना माझ्यासाठी स्टीलचा डबा आणलात. आई चुलीपाशी कपाळाला हात लावून बसली होती. "सारं गाव हासून राह्यलं. आन तुमी डबा घेऊन आले?" तुम्ही म्हणालात, "तांब्याचं सरकारले, स्टीलचं पोरीले. कोनी बाकी राह्यलं काय?" मी मध्येच बोलले की हंडा लपवून ठेवला असता तर काय झालं असतं. त्या एकाच वेळी तुम्ही माझ्यावर डोळे वटारलेत. "मांगून आनलं ते वापस द्या लागते, पोरी. आन जे मांगलंच नाई, ते तं पहिले द्या लागते." मला त्या दिवशी फार राग आला होता. डबा मात्र लगेच शाळेत नेऊन सगळ्यांना दाखवला.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीही तुम्ही पाळीवर अक्षत ठेवलीत. सासरची माणसं येऊन बसली होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी तुम्ही जाऊन काठ पाहून आलात, "यंदा नाई म्हनते" एवढंच म्हणालात आणि सायकल काढून बिछायत केंद्रातून भाड्याची भांडी आणायला गेलात.

मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष आता मी आहे. हसा. मागच्या वर्षी एक ठेकेदार आला. गाळ फुकट काढून देतो म्हणाला, बोटीवरची मशीन लावून, फक्त सुरुवात डोहापासून करायची. काठाला कमरेइतका गाळ साचलेला आणि याला डोहच पाहिजे. तेव्हाच मी ओळखलं की तुमचा हंडा याच्या कानापर्यंत पोचला आहे. आपली पोरं त्याच्याच मागे. माझा चुलतभाऊ म्हणाला, "भांडे निंगाले तं सभागृह बांधू, बाई. तू काऊन आडवी येतं?" त्या डोहाच्या जिवावर त्याची स्वतःची चूल पेटते, हे तो त्या दिवसांत विसरूनच गेला होता.

ग्रामसभेत मी उभी राहिले. मी विचारलं, "तलावाचा हंडा कोनं दाबला होता? आज सांगून टाका." खालची आळी म्हणाली वरच्यांनी, वरची म्हणाली खालच्यांनी, आणि अशी जुंपली की हसून हसून म्हाताऱ्यांना ठसका लागला. मी म्हटलं, "म्हंजे दाबनारा आपल्याच गावचा. एकानं हात घातला तं भांडे बंद झाले. आता सारेच हात घालून राह्यले, तं पानी बंद होईन. शेजारी जाऊन पाहा. आन डोहात काई नाई, मासोळ्या हायेत." सभेला तहसिलीतून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की परवानगीशिवाय तलावात मशीन लावता येत नाही, परवानगी मिळाली तरी ठरलेल्या खोलीपर्यंत फक्त गाळच काढायचा. ठेकेदाराने मान खाली घालून विचारलं, "आन काई सापडलं तं?" त्या म्हणाल्या, कळवायचं आणि जमा करायचं, लपवलं तर गुन्हा. बाबा, गाळ काढायची त्याची सगळी कळकळ तिथेच आटली. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणे दुसरीकडे काम निघालं.

मग रीतसर परवानगी घेऊन आम्हीच काठाचा गाळ काढला, फावड्याने, आणि धानाच्या शेतातल्या बांध्यांत टाकला. चुलतभाऊ पुढे होता. पिवळी चिकणमाती दिसली की तोच सगळ्यांना थांबवायचा. यंदा मत्स्यबीज सोडलं आहे आणि मिरचीला आपल्या गावातून कोणी गेलं नाही. तुम्ही पाहायला हवे होतात, हे मला रोज वाटतं.

हे पत्र कुठे पाठवू? तलावात कागद टाकायचा नाही असा नियम मीच केला आहे, तेव्हा ते तुम्ही आणलेल्या त्या स्टीलच्या डब्यातच राहील. एक सांगायचं उरलं. मागच्या आठवड्यात तुमच्या नातीचं लग्न झालं. डोहात काही नाही असं भर सभेत सांगणारी मी, आदल्या दिवशी पाळीवर अक्षत-सुपारी ठेवून आले. सकाळी बिछायतवाल्याची गाडी यायच्या आत जाऊन पाहिलंही. घरी आले तर नवऱ्याने विचारलं, कुठे गेली होतीस? मी म्हटलं, "यंदा नाई म्हनते."